सातासमुद्रापलीकडची सुपारी

आज बोलायचंय ते फार लांबच्या बायकांबद्दल. पण त्यांच्या घरात आल्यागेल्यापुढे काय ठेवतात ते ऐकलंत, तर त्या तुम्हाला एवढ्या लांबच्या वाटणार नाहीत. सुपारी, विड्याचं पान आणि चुना.

या बायका चामोरो समाजाच्या. त्यांची मूळ भूमी म्हणजे प्रशांत महासागरातली मारियाना बेटं, फिलिपाईन्सच्याही पूर्वेला. त्यातलं सगळ्यात मोठं बेट गुआम. मोठं म्हणायचं आपलं. लांबी जेमतेम ५० किलोमीटर आणि वस्ती दीड लाखाच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुका. तिथं दहातले साधारण चार जण चामोरो आहेत. बाकी फिलिपिनो, आजूबाजूच्या बेटांवरून आलेले लोक आणि अमेरिकेचे सैनिक. बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व आहे, पण बेटावर राहून राष्ट्राध्यक्ष निवडायला मत देता येत नाही.

गुआममध्ये हृदयविकाराच्या खालोखाल माणसं जातात ती कर्करोगानं, आणि त्यात चामोरोंचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं जास्त आहे. बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो स्तनाचा कर्करोग. फुफ्फुसाचा आहे, तोंडाचाही आहे. असं का, म्हणून विचारलं की एक उत्तर तयारच असतं. खाणंपिणं बरोबर नाही, सवयी वाईट, बायका तपासायला जात नाहीत. हे उत्तर आपल्याबद्दलही आपण दवाखान्याच्या दारात ऐकलेलं आहे. आम्हाला ते अर्धवट वाटतं. सवय काही आभाळातून पडत नाही. कुणीतरी ती लावतं, कशाच्या तरी टंचाईतून ती लागते, नाहीतर आईच्या हातून ती आपल्याकडे येते. म्हणून आज चामोरो बायकांच्या सवयी कुठून आल्या, ते जरा मुळापासून बघू.

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसं होड्यांतून या बेटांवर आली. मासेमारी करणारी, सुरण-अळकुड्या लावणारी, आणि विशेष म्हणजे भात पिकवणारी. प्रशांत महासागरातल्या दूरच्या बाकी बेटांवर भात नव्हता, इथं होता. त्यांच्यात कूळ आईकडून चालायचं. जमीन आईच्या कुळाची आणि मूलही आईच्या कुळाचं. कुळातल्या थोरल्या मानाच्या बाईला मागाहागा म्हणत आणि तिचा शब्द वजनाचा असे. सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला आपल्याला किती खेटे घालावे लागतात ते आठवा, म्हणजे या गोष्टीची किंमत कळेल.

सुपारी तेव्हापासूनची. जुन्या दफनांत सापडलेल्या माणसांचे दात सुपारीनं लालतपकिरी झालेले आहेत. काहींच्या दातांवर हौसेनं कोरलेल्या रेघाही दिसतात. चामोरो भाषेत सुपारीला पुग्वा म्हणतात, पानाला पुपुलू आणि चुन्याला आफोक. त्यांचा चुना समुद्रातलं प्रवाळ भाजून केलेला. घरी माणूस आलं की पुग्वा पुढे करायची. मयत झालं की नऊ रात्री माळेची प्रार्थना चालते, प्रार्थना सांगणारी बहुधा एखादी जाणती बाई असते, तिला तेचा म्हणतात. तिथं जमलेल्यांपुढेही पुग्वा. आपल्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं. ओटीत सुपारी, कलशात सुपारी, मूर्ती नसली तर गणपती म्हणून तांदळावर मांडायची तीही सुपारीच. म्हणजे त्या बायकांना कुणी एकदम ‘टाका ती सुपारी’ म्हणालं तर त्यांना कसं वाटत असेल, ते आपल्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायला नको.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल. चामोरो लोकांची जुनी रीत म्हणजे पिकलेली, टणक, आतून लालसर सुपारी चावायची आणि गिळायची. पुष्कळदा नुसतीच. पलीकडच्या याप आणि पलाऊ बेटांवरचे लोक कोवळी हिरवी सुपारी घेतात, त्यात पान, चुना आणि तंबाखू घालतात, चघळतात आणि थुंकतात. गुआम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली या दोन रीती वेगवेगळ्या मांडून दाखवल्या. नुसती सुपारी खाणारा माणूस म्हणतो, मी कुठे तंबाखू खातो? हेही आपल्या ओळखीचं वाक्य.

१५२१ साली मॅगेलन नावाचा दर्यावर्दी स्पेनच्या राजासाठी जगप्रवासाला निघालेला असताना या बेटांना लागला. खरी सत्ता आली ती १६६८ पासून, पाद्री आणि शिपाई मिळून. पुढची तीसेक वर्षं लढाया झाल्या, देवीसारखे परके रोग आले, लहान बेटांवरच्या लोकांना उठवून गुआमवर आणून बसवलं गेलं. १७१० साली शिरगणती झाली तेव्हा मूळचे लोक चार हजारांच्या आत उरले होते. एवढ्या थोड्या माणसांतून भाषा टिकली, पुग्वा टिकली, कुणाच्या घरी काही झालं की काहीतरी हातात घेऊन जायची रीत टिकली. या देवाणघेवाणीला ते चेंचुले म्हणतात. लग्न, बारसं, आजारपण, मयत, काहीही असो, आज तुम्ही माझ्याकडे आणलंत, उद्या मी तुमच्याकडे आणीन. कुणी कुणाला काय दिलं याचा हिशेब घरोघरी ठेवलेला असतो. आपल्याकडे आहेराची वही असते, तसाच.

स्पॅनिश गलबतांतून मेक्सिकोचा मका आला. दगडी पाट्याला चामोरो बायका मेताती म्हणू लागल्या. मका चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, पाट्यावर वाटायचा, थापून भाजायचा. त्या भाकरीला तितियास म्हणतात. शेंद्रीच्या बिया आल्या, त्यांच्या रंगाचा लाल भात आजही प्रत्येक समारंभात असतो. आणि तंबाखूही आली, याच गलबतांतून. म्हणजे तंबाखू ही चामोरोंची मूळची नव्हे, हे लक्षात ठेवायचं. सुपारीपेक्षा ती कितीतरी हजार वर्षांनी धाकटी.

तरीही १९४१ पर्यंत बहुतेक घरं आपल्या शेतावर जगत होती. शेताला ते लान्चो म्हणत. गावात घर आणि गावाबाहेर लान्चो. तिथं मका, नीरफणस, सुरण, नारळ, कोंबड्या, डुकरं. १९०५ साली विल्यम सॅफर्ड नावाच्या अमेरिकी अधिकाऱ्यानं गुआमच्या उपयोगी झाडांवर जाड पुस्तक काढलं. तो बेटावर राहिलेला माणूस. त्या पुस्तकात सुपारी आहे, विड्याचा वेल आहे, आणि फादांग नावाचं एक बीही आहे. हे बी विषारी. बायका ते कापून, कित्येक दिवस पाणी बदलत भिजवून, वाळवून त्याचं पीठ करत. वादळानं सगळं पीक झोपलं तर फादांगवर घर तगायचं. कुठली गोष्ट किती दिवस भिजवली म्हणजे माणूस मरत नाही, हे ज्ञान ज्यांच्याकडे होतं त्यांना अडाणी म्हणणं अवघडच आहे.

१८९८ साली स्पेन हरला आणि गुआम अमेरिकेला मिळालं. उत्तरेची बेटं स्पेननं पुढच्याच वर्षी जर्मनीला विकून टाकली. एकाच रक्ताच्या माणसांत तेव्हापासून सरहद्द पडली. गुआमवर अमेरिकेच्या नौदलाचं राज्य सुरू झालं. नौदलानं दवाखाना काढला, परसाकडची व्यवस्था, विहिरी, जंत यांच्या मागे लागलं. १९०५ च्या सुमारास गव्हर्नरच्या पत्नी सुझन डायर यांच्या पुढाकारानं बायकामुलांसाठी सुसाना हॉस्पिटल उभं राहिलं. याचा फायदा झाला, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण बाळंतपणं? ती होती पत्तेरांच्या हाती. पत्तेरा म्हणजे सुईण. नौदलाला बेटभर डॉक्टर पुरवता येत नव्हते, म्हणून त्यांनी या बायकांना शिकवलं. हात कसे धुवायचे, नाळ कशी कापायची, नोंद कशी ठेवायची. परवाना दिला. पत्तेरानं परवाना घेतला आणि आपलं जुनं ज्ञानही सोडलं नाही. तेल लावून पोट चोळणं, काढे, बाळंतिणीला ऊब. वेळी-अवेळी, चिखलातून चालत जायचं. मोबदला म्हणून कोंबडी, अंडी, घरचं पीक. कुणाच्या घरी किती मुलं, कोण अशक्त, कुणाला अंगावर जातंय, हे पत्तेराला ठाऊक असायचं. काही दुखलं-खुपलं तर बायका सुरुहानाकडे जात, म्हणजे झाडपाल्याचं औषध देणाऱ्या बाईकडे. थोडक्यात, बाईच्या अंगाबद्दल जे बोलायचं ते बाईशीच बोलायचं, अशी सोय होती. पुढे ती सोय गेली. आमच्या मते चामोरो बायकांच्या आरोग्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गळती हीच, आणि तिच्याबद्दल बोललं जातं फार कमी.

१९४१ च्या डिसेंबरात जपाननं गुआम घेतलं. नौदलाच्या परिचारिकांना कैद करून जपानला नेलं. अडीच वर्षं उपासमार, वेठबिगार, मारहाण. बाळंतपणं काही थांबली नाहीत, आणि ती करायला पत्तेरा होत्या. जुलै १९४४ मध्ये अमेरिकी सैन्य परतलं, ते बॉम्बवर्षाव करत. राजधानी हगात्न्या जमीनदोस्त झाली. सुमाय नावाचं भरलं गाव उद्ध्वस्त झालं, आणि लढाई संपल्यावर तिथल्या लोकांना परत जाऊ दिलं नाही. तिथं आरमाराचा तळ झाला. सुमायच्या माणसांना डोंगरउतारावर सांता रीता नावाच्या वस्तीत बसवलं. विमानतळ, गोदी, दारूगोळ्याची कोठारं, सगळ्याला जमीन लागली, आणि ती गेली लान्चोंची. आजही बेटाची चौथाईहून अधिक जमीन लष्कराकडे आहे. धरणात गाव गेलेल्या बायका आपल्यात आहेत. त्यांना पुढची गोष्ट सांगायला नको.

जमीन गेली की चूल बदलते. पुरुष तळावर मजुरीला लागले. हातात रोख पगार आला आणि शेतातून यायचं ते दुकानातून येऊ लागलं. ते यायचं आगबोटीनं, हजारो किलोमीटरांवरून, म्हणून जे टिकेल तेच. डबाबंद मांस, पांढरा तांदूळ, साखर, मैदा, बाटलीतली गोड पेयं. वादळ आलं की सरकारी मदतही डब्यांतच येई, आणि तिथं वादळं वारंवार येतात. डबा चवीला खारट, चरबट, करायला सोपा. ज्या पिढीनं लढाईत पोरांना उपाशी पाहिलं, तिला डब्यांनी भरलेलं फडताळ बघून किती धीर वाटला असेल! डबाबंद मांस ही आता गुआमची ओळखच झाली आहे, तिथले लोक ते अभिमानानं खातात. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस आतड्याच्या कर्करोगाचं कारण म्हणून नोंदवलं. तोवर घराघरात त्याच्या चवीवर दोन-तीन पिढ्या वाढल्या होत्या.

सोबत आणखी काही बदललं. पूर्वी एकेका घरी आठ-दहा मुलं असायची, पहिलं मूल लवकर, सगळी अंगावर पिणारी. नंतर मुलं कमी झाली, उशिरा होऊ लागली, बाटलीचं दूध आलं. यात वाईट काही नाही. सारखं बाळंतपण काढून खंगणारी बाई कुणाला परत हवी आहे? पण लवकर आणि जास्त बाळंतपणं, लांबलेलं अंगावरचं दूध यांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा कमी राहतो, आणि पाळी गेल्यानंतर वजन वाढलं तर तो वाढतो, हे आता जगभर माहीत आहे. गाडी आली, चालणं घटलं, अंगावर वजन चढलं. मधुमेहही वाढला. सिगरेटचं म्हणाल तर अमेरिकेच्या राज्यांत आणि बेटांत जिथं सर्वाधिक ओढली जाते त्यांत गुआमचं नाव बरीच वर्षं वर होतं. लष्कराच्या दुकानात ती स्वस्त मिळायची.

आणि एक गोष्ट अशी, जी कुठल्याच बाईच्या सवयीत मोडत नाही. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेनं मार्शल बेटांवर ६७ अणुस्फोट केले. मार्शल बेटं गुआमच्या पूर्वेला. त्या स्फोटांची किरणोत्सारी धूळ मोजण्याइतकी गुआमवरही पडली होती, असं अमेरिकेच्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनं २००५ साली लिहिलं. त्यामुळे कुणाला किती आजार झाले हे सांगणं अवघड. पण ‘तुमच्या खाण्यामुळे झालं’ असं म्हणणाऱ्यानं हा कागदही वाचावा.

हे सगळं ऐकून वाटेल, बाहेरच्यांनी नासवलं, झालं. नाही. पुग्वा बाहेरच्यांनी आणलेली नाही.

सुपारीबरोबर तंबाखू असेल तर कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९८५ सालीच मान्य केलं होतं. २००४ साली त्यांनी पुढचं सांगितलं. तंबाखू नसली तरी, नुसती सुपारीही माणसात कर्करोग करते. त्याला बराचसा पुरावा आपल्या देशातला होता. तोंडाच्या आतली कातडी पांढरट पडते, ताठर होते, तिखट सोसत नाही, हळूहळू तोंड उघडेनासं होतं, बोटं आत जाईनात अशी वेळ येते. त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. चामोरोंच्या त्या टणक लाल सुपारीचं काय, मग? तीही सुपारीच. त्यात तंबाखू नाही म्हणून ती सुटत नाही.

तिथले म्हातारे विचारतात, आमचे पूर्वज हजारो वर्षं खात आले, तेव्हा काय झालं? प्रश्न रास्त आहे. पण तेव्हा माणसं तापानं, बाळंतपणात, उपासानं लवकर जायची. सुपारीचा कर्करोग दिसायला वीस-तीस वर्षं लागतात, तेवढं आयुष्य पुष्कळांना मिळायचंच नाही. जे गेले ते कशानं गेले, हे कोण लिहून ठेवत होतं? आणि तंबाखूची जोड मिळाल्यावर धोका कितीतरी पटींनी वाढला. उत्तरेच्या सायपान बेटावर शाळेतल्या सुमारे ३०० मुलामुलींची तोंडं तपासली होती. त्यातली ६० टक्क्यांहून अधिक मुलं नियमित सुपारी खाणारी निघाली, आणि काहींच्या तोंडात त्या वयातच चट्टे आणि ताठरपणा सापडला. ही पाहणी २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आली. सोळा-सतरा वर्षांची पोरं!

महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी आली. गुटख्याची पुडी गेली की दुसऱ्या नावानं आली हे आपण बघतोच. सुपारीवर बंदी नाही, आणि श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवर कित्येक घरं जगतात, त्यामुळे तो प्रश्न सरळ नाही. आमचं म्हणणं एवढंच, की पूजेतली सुपारी देवापुढे राहू दे. दिवसातून दहा वेळा अडकित्ता उघडतो ती सुपारी वेगळी. आणि मशेरी, जी दात घासायचं औषध म्हणून आजी नातीला देते, ती तर भाजलेली तंबाखूच.

गुआमवर २०१६ पासून गुआम विद्यापीठ आणि हवाई विद्यापीठाच्या कर्करोग केंद्रानं मिळून सुपारी सोडवण्याचे वर्ग घेतले. सिगरेट सोडवायचे वर्ग जगभर असतात, त्याच धर्तीवर. सुपारीसाठी असा शास्त्रशुद्ध प्रयोग जगात पहिलाच मानला जातो. सुपारीचीही तलफ लागते, ती सुटताना चिडचिड होते, हे मान्य करून त्यांनी सुरुवात केली, हे आम्हाला आवडलं. नुसत्या धाक घालणाऱ्या पाट्या लावून भागत नाही.

आता मोजणीबद्दल. कितीतरी वर्षं अमेरिकेच्या आकडेवारीत चामोरो बायका दिसतच नव्हत्या. जपानी, चिनी, फिलिपिनो, हवाईयन आणि चामोरो या सगळ्यांना ‘आशियाई आणि प्रशांत बेटवासी’ अशा एकाच रकान्यात टाकत. जपानी-चिनी बायकांची संख्या मोठी आणि त्यांचे आकडे बरे, म्हणून सरासरी छान यायची, आणि सरासरी छान म्हणजे पैसा नाही. १९९७ साली केंद्र सरकारनं रकाने वेगळे करायचा नियम केला. गुआमवर कर्करोगाची स्वतंत्र नोंदवही ठेवली जाऊ लागली, तेव्हा कुठे कळलं की कुणाला काय होतंय. आपल्याकडे बार्शीला १९८७ पासून खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवतात, देशातली अशी ती पहिली. तिथून निघून नोंद घेणारे गावोगाव हिंडले, तेव्हा समजलं की ग्रामीण बायकांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग किती आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात पुढे १,३१,००० हून अधिक बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. आयुष्यात एकदा जरी विषाणूची चाचणी झाली तर या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला कळलं ते आपल्या मराठवाड्यातल्या बायकांमुळे. आज जगभरच्या डॉक्टरांना या चाचणीबद्दल जो सल्ला दिला जातो, त्याला त्या बायकांचा आधार आहे.

गुआमवर स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी सरकारी योजना आहे, गरीब बाईला पैसे पडत नाहीत. तरी बायका उशिरा येतात. लाज आहे, परक्या डॉक्टरापुढे अंग उघडायचं आहे, घरचं कुणी आजारी आहे, नोकरीवरून सुट्टी नाही. आणि गाठ निघाली तर? मोठ्या उपचाराला पुष्कळदा बेट सोडावं लागतं. मनिलाला जायचं तर विमानात चार तास, होनोलुलूला सात-आठ. गरिबांच्या आरोग्य योजनेला केंद्राकडून राज्यांना जसा पैसा मिळतो तसा या बेटांना मिळत नाही, त्याला वरची मर्यादा घातलेली आहे. बाई जाते, सोबत नवरा नाहीतर लेक जाते, महिनोन् महिने परक्या शहरात खोली घेऊन राहायचं. मग चेंचुले पुढे येतं. नातेवाईक, चर्चमधले लोक, शेजारी पैसे जमवतात. आजारपण निभावतं ते बरंचसं यावर. पण लोकांचं आपल्यावर चढेल म्हणून गप्प बसणारीही असतेच.

पुष्कळ चामोरो आता बेटावर नाहीतच. नौदलानं विसाव्या शतकात चामोरो पुरुषांना भरती केलं, आधी बहुतेक स्वयंपाकी आणि वाढपी म्हणून. त्यांच्या मागे कुटुंबं कॅलिफोर्नियातल्या बंदरांच्या गावी गेली, सॅन दिएगो, लाँग बीच. आज अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहणारे चामोरो बेटांवरच्यांपेक्षा जास्त आहेत. लाँग बीचला चामोरोंची एक संस्था आहे, गुआम कम्युनिकेशन्स नेटवर्क. वादळानं, भूकंपानं बेटाचा संपर्क तुटला की इकडच्यांना तिकडच्यांची खबर कळावी, या गरजेतून ती निघाली. पुढे या संस्थेनं विद्यापीठाच्या संशोधक बाईंना बरोबर घेऊन चामोरो बायकांना विचारायला सुरुवात केली: स्तनाची तपासणी केलीत का, कधी, नसेल तर का नाही? प्रश्न विचारणाऱ्या बायका चामोरोच होत्या. २००१ साली तो अभ्यास छापून आला. तपासणी करून घेणाऱ्या बायका सल्ल्यापेक्षा कितीतरी कमी निघाल्या.

नुसतं छापून ते थांबले नाहीत. सामोआ, टोंगा, कंबोडिया, व्हिएतनामच्या बायकांच्या संस्थांबरोबर मिळून त्यांनी समाजातल्याच बायकांना तयार केलं. त्यांचं काम म्हणजे बाईच्या घरी जाऊन बोलायचं, तिच्या भाषेत समजावायचं, दवाखान्याची वेळ घ्यायची, फॉर्म भरायचा, गाडी नसेल तर न्यायचं, आणि तपासणी होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहायचं. निकालाचा कागद आला की तो वाचून दाखवायलाही त्याच जायच्या.

आपल्याकडे तीस वर्षांपुढच्या प्रत्येक बाईची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी आरोग्य केंद्रात मोफत होते. वार आणि वेळ आपल्या आशाताईंना विचारा. तोंडात तीन आठवडे न भरणारी जखम असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, स्तनात गाठ लागत असेल, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जात असेल, तर वाराची वाट बघू नका. एकटीनं जायचं नसेल तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. पुढच्या भाषणात आम्ही गर्भाशयमुखाच्या तपासणीत नेमकं काय करतात, किती वेळ लागतो, दुखतं का, हे सांगणार आहोत. प्रश्न असतील तर केंद्रावर चिठ्ठी पाठवा, नाव नाही लिहिलं तरी चालेल.